शाळेविना दहावी: गणित कशाचं पक्कं, एनआयओएस की केंब्रिज?

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, घरीच शिकते. गणित-विज्ञान कसून व्हायला हवं. काय निवडावं: एनआयओएस (केंद्र सरकारचं मुक्त शिक्षण मंडळ) की केंब्रिज (आयजीसीएसई, दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा)?

उत्तर १: एनआयओएसची दहावी १४ पूर्ण झाल्यावर देता येते, किमान पाच विषय. पुस्तकं स्वतः वाचून कळतील अशी आहेत, पण सरावाची गणितं बरीचशी सोडवून दाखवलेल्या गणितांसारखीच. केंब्रिज घेतलंत तर गणिताचा 'एक्स्टेंडेड' हा वरचा स्तरच घ्या. 'कोअर' या सोप्या स्तरात सीच्या वर ग्रेडच नाही.

उत्तर २: जाहिराती सोडा, जुने पेपर काढा. वर्गसमीकरणं दोन्हीकडे आहेत, त्यांचेच प्रश्न शेजारी ठेवा. समीकरण आयतं दिलंय, की आकृतीवरून मांडायचंय? खरा फरक तिथेच. २०२५पासून केंब्रिज गणिताच्या (विषय क्रमांक ०५८०) एक्स्टेंडेडचा पेपर २ कॅल्क्युलेटरशिवाय असतो: २ तास, १०० गुण. अपूर्णांक कच्चे असतील तर मुलं इथेच अडकतात. तपासताना मार्किंग स्कीम (कशाला किती गुण ते सांगणारी नमुना उत्तरं) घ्या, पायऱ्यांनाही गुण असतात.

उत्तर ३: केंब्रिजसाठी खासगी परीक्षार्थी घेणारं केंद्र आधी गाठा, सगळ्या शाळा घेत नाहीत. घरी प्रयोगशाळा नसेल तर विज्ञानाला प्रात्यक्षिकाऐवजी पेपर ६ हा लेखी पेपर चालतो. तरी ब्युरेटचं (द्रव मोजायच्या खुणांच्या काचनळीचं) वाचन प्रत्यक्ष करून घ्याच.