घोडकाठचे इनामगाव: वस्ती इथेच का झाली आणि का उठली?

प्रश्नकर्ता: शाळामास्तर

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील एका शाळेत मी इतिहास-भूगोल शिकवतो. घोड नदीच्या उजव्या तीरावरील इनामगावची माहिती विद्यार्थ्यांसाठी एका पुस्तिकेच्या रूपाने लिहून काढावी, असा विचार आहे. गावाजवळच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या) टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले आणि तेथे ताम्रपाषाणयुगातील (तांबे आणि दगड या दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) शेतकऱ्यांचे गाव सापडले, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पाऊस इतका बेभरवशाचा असलेल्या या भागात माणसांनी जवळजवळ नऊशे वर्षे शेती करून राहावे आणि मग वस्ती सोडून जावे, यामागची कारणे मात्र मुलांना समजतील अशा भाषेत कोठे एकत्र मिळत नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: नदीखोरे

सुरुवात पावसापासून करावी असे सुचवतो. घोड सह्याद्रीत भीमाशंकरच्या परिसरात उगम पावते, वाटेत कुकडीचे पाणी घेते आणि पुढे भीमेला मिळते. उगमाकडे धो-धो पाऊस असतो. शिरूरच्या पूर्वेला येईपर्यंत पर्जन्यछायेमुळे तो वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो आणि तोही दोन पावसांमध्ये मोठी उघडीप देऊन पडतो. म्हणजे इनामगावच्या शेतकऱ्याला स्वतःच्या आभाळापेक्षा डोंगरातल्या आभाळाचा आधार जास्त होता. याला काठच्या काळ्या जमिनीची जोड मिळाली. ही जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे पाऊस सरल्यावरही रब्बीचे पीक त्या ओलीवर उभे राहू शकते. नदी, काळी जमीन आणि पुरापासून थोडी उंच राहण्याजोगी जागा या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आहेत, हे मुलांना वर्गातल्या नकाशावर दाखवण्याऐवजी शक्य झाल्यास काठावर उभे करून दाखवावे.

प्रतिसाद: पांढरीची माती

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. उत्खननाविषयी थोडी भर घालतो.

वस्तीचे तीन कालखंड मानले जातात: इ.स.पू. सुमारे १६०० ते १४०० माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० पूर्व (म्हणजे आधीचा) जोर्वे आणि १००० ते ७०० उत्तर (म्हणजे नंतरचा) जोर्वे. माळवा आणि जोर्वे ही ताम्रपाषाणयुगातील संस्कृतींची नावे आहेत. यांपैकी मधला काळ भरभराटीचा. कुडाच्या भिंतींची ऐसपैस चौकोनी घरे बऱ्यापैकी ओळीत होती. एका पाच खोल्यांच्या घराला लागूनच धान्याचे कोठार असल्यामुळे ते गावच्या प्रमुखाचे घर असावे, असे उत्खनन करणाऱ्यांनी मानले. कुंभारासारखे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत.

आपल्या पुस्तिकेत सर्वांत जास्त जागा द्यावी ती पाटाला. वस्तीच्या पश्चिमेला सुमारे ४ मीटर रुंद पाट खणलेला आढळला आणि त्याच्या कडेने दगडमातीचा बांध घातलेला होता. पुराचे पाणी वळवून ते शेताला द्यायचे, अशी ही व्यवस्था असल्याचे मानले जाते. जव हे त्यांचे प्रमुख धान्य होते, त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ आणि वाटाणा होता. रब्बीतल्या गव्हाला या हवेत नुसती ओल पुरत नाही, पाणी द्यावे लागते, म्हणून पाट आणि गहू या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. एवढा पाट एका कुटुंबाच्या हातून होत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर पाण्यासाठी सगळे गाव एकत्र राबत होते, ही गोष्ट मला राजवाड्यांच्या वर्णनांपेक्षा मोलाची वाटते.

धान्य साठवण्याच्या जागा मुलांना लगेच ओळखू येतील. घरात जमिनीवर मातीचे गोल ओटे सापडले, त्यांवर कणग्या ठेवत असावेत. चुन्याने लिंपलेली पेवेही मिळाली. आजीच्या घरी कणगी पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद: शाळामास्तर

मनःपूर्वक आभार. वस्ती उठण्याचे कारण दुष्काळ असे सरळ लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद: पांढरीची माती

तसे ठामपणे लिहू नये. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे पीक मागे पडले आणि शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवरची भिस्त वाढली. एवढे उत्खननातून दिसते. हवामान कोरडे होत गेल्यामुळे हे घडले, असे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले आणि बराच काळ तेच प्रमाण मानले गेले. पुढच्या काही अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले असून, बदललेली राहणी म्हणजे केवळ हलाखी नव्हे, पशुपालनाकडे वळण्याचा तो विचारपूर्वक निर्णयही असू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन्ही मते शेजारी-शेजारी द्यावीत. पुरावा एक असूनही अर्थ दोन निघू शकतात, हे आठवी-नववीच्या मुलांना नक्की कळते.

प्रतिसाद: घोडकाठचा शेतकरी

मी याच भागात शेती करतो. चिंचणीला घोड धरण झाल्यापासून इकडचे चित्र पालटले आणि जिथे ज्वारी-बाजरी होती तिथे ऊस उभा राहिला. तरीही धरण भरणार की नाही, हे वर डोंगरात काय पडते यावरच ठरते आणि पाण्याचे आवर्तन (धरणातून पाणी सोडण्याची पाळी) लांबले की उसाची पाने आधीच वाळू लागतात. आपल्या पुस्तिकेत आजच्या पाटपाण्यावरही एक प्रकरण असावे, ही विनंती.

आणखी एक गोष्ट आवर्जून लिहावी. टेकाडाची पांढरी माती शेतात टाकण्याची चाल पूर्वापार आहे आणि तिच्याबरोबर खापरेही जातात. लाल खापरावर काळ्या रंगाच्या रेघा दिसल्या तर मुलांनी ते उचलू नये. कोठे दिसले ते वहीत टिपावे, आपल्याला सांगावे आणि आपण पुरातत्त्व विभागाला कळवावे. जागेवरून हललेल्या खापराची निम्मी माहिती तिथेच जाते.