मराठी मजकूर सुधारायला ब्रेल डिस्प्ले लागतोच का?

नांदेडकर: माझं मत सरळ आहे, आपल्यासारख्या न दिसणाऱ्यांना लिहायला कॉम्प्युटरचा आवाज चालतो पण लिहिलेलं सुधारायला बोटच पाहिजे, म्हणजे पडद्यावरची ओळ टिंबं वर काढून बोटाखाली दाखवणारा ब्रेल डिस्प्ले. एनव्हीडीए, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, मराठी बोलतो, मी पण दिवसभर तोच लावून बसतो, पण 'परिक्षा' लिहिलं काय अन् 'परीक्षा' लिहिलं काय, कानाला दोन्ही सारखंच. डिस्प्लेवर बोट बरोबर 'रि'पाशी अडतं. मग त्या सेलच्या, म्हणजे टिंबांच्या एका खान्याच्या, डोक्यावरचं रूटिंग बटण दाबायचं, कर्सर तिथं येतो, खोडा, नीट करा, पुढं चला. ज्यांना अर्ज, बातम्या, प्रश्नपत्रिका लिहून द्यायच्यात त्यांनी आधी डिस्प्लेचं बघावं, भारी लॅपटॉपचं नंतर.

जालना_बँकवाला: पैशाचं बोला की आधी. ४० सेलचं चांगलं यंत्र लाखाच्या वर जातंय. एका सेलला ८ टिंबं म्हणजे एकूण ३२०, अन् बहुतेक यंत्रात प्रत्येक टिंबाखाली विजेनं वाकणारी वेगळी पट्टी, स्वस्त कसं होईल? शंका आली तर बाण दाबत एकेक अक्षर ऐका ना, मात्रा वेगळी वाचतोच की. मी रोज मेल पाठवतो, अजून कुणी चूक काढली नाही.

नांदेडकर: "शंका आली तर" हेच तर म्हणायलोय भौ. शंका यायला आधी काहीतरी खटकायला पाहिजे, अन् कानाला ते खटकतच नाही. राहिलं चुका काढायचं, तर लोक भिडेखातर गप बसतात.

लातूरच्या_बाई: नुसतं ऐकून शिकलेल्या लेकरांच्या वह्या मी तपासते, त्यामुळं नांदेडकरांचं पटतं. पण ब्रेलमधे टिंबांना नंबर असतात, डावीकडं वरून खाली १-२-३, उजवीकडं ४-५-६; त्यात इ म्हणजे २-४ अन् ई म्हणजे ३-५, आकार तोच, फक्त एक पायरी खाली. सवय असलेल्याला शेजारच्या अक्षरावरून उंची कळती, नवशिक्याला नाही, त्यात डिस्प्लेवर कर्सर म्हणून खालची ७-८ ची टिंबं वरखाली व्हायला लागली की लेकरू पार गोंधळून जातं. सेटिंगमधे जाऊन ती हालचाल बंद करा आधी.

परभणी_आयटी: जोडाक्षराचं कुणीच बोलंना. भारती ब्रेलमधे, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमधे, पाय मोडायचं ४ नंबरचं टिंब अक्षराच्या आधी येतं, कॉम्प्युटरमधे हलंत अक्षराच्या नंतर असतो. म्हणजे 'त्या' बोटाखाली ४, त, य, आ, अन् आत साठवलेलं त, हलंत, य, काना. आता मधल्याच सेलवर रूटिंग दाबलं तर कर्सर नेमका कुठं बसला याचा भरवसा नाही. बॅकस्पेस मागून एकेक चिन्ह खातो, डिलीट बऱ्याच ठिकाणी अख्खं जोडाक्षर गिळतो. इंग्रजीत रूटिंग बटण सोनं आहे, मराठीत निम्मंच. मी तर अख्खा शब्द निवडून पुन्हा टाइप करतो.

नांदेडकर: करा की पुन्हा टाइप, कोण नको म्हणायलंय? पण कुठला शब्द चुकला ते बोटानंच सांगितलं ना?

बीडचा_काका: माझी नजर साखरेनं गेली, पन्नाशीनंतर. बोटाच्या शेंड्यांना बधिरपणा आहे, टिंबं लागतच नाहीत. "बोटच पाहिजे" म्हणताना आमच्यासारख्यांचं काय करायचं ते पण सांगा. मला आवाजच आहे, अन् शेवटी सुनबाई एकदा वाचून बघती.

नांदेडकर: काका, तुमच्यासाठी माझं म्हणणं मागं घेतो. बँकवाल्यासाठी नाही.

जालना_बँकवाला: बरं मग २० सेलचं स्वस्तातलं घेतो, मिटलं.

परभणी_आयटी: बघून घ्या. ऑर्बिट रीडर २० हा २० सेलचा डिस्प्ले स्वस्त म्हणून गाजला खरा, पण त्याच्या पहिल्या मॉडेलवर रूटिंग बटणंच नव्हती. पुस्तक वाचायला झकास, पण ओळीच्या मधे जाऊन एक वेलांटी बदलायची तर पुन्हा बाणच दाबत बसा. अन् एनव्हीडीएत कुठल्या अक्षराला कुठली टिंबं ते ठरवणारे तक्ते असतात, ब्रेल दाखवायचा तक्ता वेगळा अन् ब्रेलनं टाइप करायचा वेगळा असतो, दोन्हीकडं मराठी लावा, नाहीतर 'म' दाबला की इंग्रजी 'एम' उमटतो.

लातूरच्या_बाई: घेण्याआधी आमच्या शाळेत येऊन हाताखाली धरून बघा. हात धुऊन या मात्र, घाण बसली की टिंबं वर यायची बंद होतात, अन् इथं मे महिन्यात धुळीला काय तोटा.

जालना_बँकवाला: येतो. येताना माझे जुने मेल पण आणतो, नांदेडकरांनी बोट फिरवून एक तरी चूक काढून दाखवावी.