मुलगा म्हणतो देव मानत नाही, घरात रोज वाद. कसं बोलायचं त्याच्याशी?

विचारात_पडलेली

नमस्कार मंडळी, आजवर नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा सतरा वर्षांचा आहे. काही महिन्यांपूर्वी त्याने जाहीर करून टाकलं की मी देव मानत नाही, घरातल्या प्रार्थनेला बसेन पण हात जोडणार नाही, मला खोटं वागायचं नाहीये. सासरे खूप श्रद्धाळू, वाचनही दांडगं, त्यांनी हे फारच मनाला लावून घेतलं. तेव्हापासून जेवायला बसलं की सुरू. हा मोबाईलवर वादविवादाचे व्हिडिओ बघून एकेक मुद्दा काढतो, ते म्हणतात विज्ञानाला तरी सगळं कुठे कळलंय, हा म्हणतो कळलं नाही म्हणजे लगेच देव कसा काय, आणि मग आवाज चढतात. नवरा म्हणतो वय आहे, जाईल. सासरे मला म्हणतात, तू आई आहेस, तू समजाव.

मी श्रद्धा ठेवते पण त्याचा गाजावाजा करत नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा रोजच्या प्रार्थनेनेच मला उभं ठेवलं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, ते तुझ्या मनाचं समाधान होतं." देव नाही म्हणाला त्याचं इतकं नाही लागलं, हे लागलं.

नरकात जाईल वगैरे भीती मला नाही. भीती एवढीच वाटते की उद्या काही वाईट झालं तर मी ज्याला धरून राहिले ते याच्याकडे नसेल, मग हा काय धरेल? धाकटी नऊ वर्षांची आहे, ती आता विचारायला लागलीय की खरं कोण बोलतंय, दादा का आजोबा. काय सांगू?

उलट_तपासणी

ताई, तुमच्या मुलाच्या वयात मीही हेच जाहीर केलं होतं आणि आजही नास्तिकच आहे, त्यामुळे आधी सांगतो की मी त्याच्या पार्टीचा.

पण दोन वाक्यांवर बोलायचंय. तुमचे मिस्टर म्हणतात "वय आहे", मुलगा म्हणतो "मनाचं समाधान आहे". नीट बघा, दोघं एकच करतायत. समोरचा काय म्हणतोय ते खरं का खोटं हे न बघता तो तसं का म्हणतो याचं कारण सांगून विषय मिटवतायत. तर्कशास्त्रात हा दोषच मानतात. एखाद्याला विश्वास कुठून आला हे कळलं म्हणून तो विश्वास चुकीचा ठरत नाही, आणि शंका सतराव्या वर्षी आली म्हणून ती खोटी ठरत नाही. हे मुलाला असंच सांगा, त्याला तर्क आवडतो ना, पटेल. आणि मिस्टरांनाही सांगा, कारण त्या वयात "जाईल हे" ऐकण्याइतकं डोक्यात जाणारं दुसरं काही नसतं. भांडणारे आजोबा परवडले, ते निदान मुद्द्याला उत्तर तरी देतात.

त्या व्हिडिओंबद्दल बोलायचं तर ते स्टेजवर अनोळखी माणसाला हरवायला शिकवतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1952 साली एका लेखात चहाच्या किटलीचं उदाहरण दिलं होतं, की पृथ्वी आणि मंगळाच्या मधे एक किटली सूर्याभोवती फिरतेय असं मी म्हटलं आणि वर म्हटलं की ती इतकी छोटी आहे की दुर्बिणीतूनही दिसणार नाही, तर ती नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. मुद्दा एक नंबर आहे आणि तुमच्या मुलाला पाठ असणारच. पण तो लागू होतो जिथे कोणी "तूही मान" म्हणून मागे लागलंय तिथे. आजोबा लागलेत, त्यांच्यापुढे ठीक आहे. तुम्ही तर फक्त तुमच्यावर काय गुजरलं ते सांगत होतात, तिथे पुरावा कसला मागायचा.

सरळमार्गी

एवढा काथ्याकूट कशाला? मानून टाकायचं. देव असला तर फायदा, नसला तर काय गेलं? मुलाला हेच सांगा, हिशोब त्याला कळेल.

उलट_तपासणी

@सरळमार्गी हा पास्कलचा डाव, म्हणजे सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती-तत्त्वज्ञाचा. मुलगा व्हिडिओ बघतो म्हणजे याचं उत्तर त्याला झोपेतही देता येईल, उगाच ताईंना तोंडघशी पाडू नका. एक तर कुठला देव हे ठरलेलं नाही, चुकीच्यावर पैज लावली तर? दुसरं म्हणजे ठरवून विश्वास बसत नाही. पास्कललाही हे माहीत होतं, म्हणून तर तो पुढे म्हणतो की विश्वास असल्यासारखं वागत राहा, हळूहळू बसेल. आणि ताईंचा मुलगा नेमकं त्यालाच खोटं वागणं म्हणतोय. शिवाय फायद्यासाठी मानलेलं देवाला चालतं का हे आजोबांनाच विचारा, ते माझ्या बाजूने बोलतील बघा.

जुनं_खोड

मी सासऱ्यांच्या वयाचा आणि त्यांच्याच बाजूचा, तरी थोडं त्यांच्याविरुद्ध लिहितो. त्यांचं वाचन दांडगं आहे म्हणता तर त्यांना ऋग्वेदातलं नासदीय सूक्त माहीत असणारच, दहाव्या मंडलातलं 129वं. सृष्टी कुठून आली ते वरून पाहणाऱ्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते सूक्त संपतं! म्हणजे ही शंका खुद्द वेदात आहे. आपल्या प्राचीन तत्त्वज्ञांपैकी सांख्यांनी ईश्वराशिवाय सृष्टीची मांडणी केली, मीमांसकांनी वेद प्रमाण मानले पण जगाचा कर्ता ईश्वर मानला नाही, आणि ही दोन्ही आस्तिक, म्हणजे वेद मानणारी, दर्शनं म्हणूनच शिकवतात. दुसरीकडेही तेच. बायबलमधला जोब देवाशी अक्षरशः भांडतो, आणि शेवटी देव रागावतो ते त्याची समजूत घालायला आलेल्या मित्रांवर. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली, त्यात कितीतरी वर्षं देव जवळ जाणवत नसल्याचं त्यांनीच लिहिलंय. तर शंका घेतली म्हणजे पोरगं हाताबाहेर गेलं असं काही नसतं.

आता मुलाविरुद्ध. त्याने बसावं. हात नको जोडू, डोळे नको मिटू, पण बसावं, आणि त्या वेळात मोबाईल बघू नये. घरातली प्रार्थना निम्मी देवासाठी असते, निम्मी एकत्र बसण्यासाठी. त्या दुसऱ्या निम्म्याला त्याची काय हरकत आहे? आणि तो बसतोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पोरगं समजूतदार आहे की! आजोबांना हात न जोडलेले दिसतात, शेजारी बसलेला नातू दिसत नाही.

निमूट_वाचक

ताई, तुमच्या भीतीला कोणी हातच घातला नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे उलटं आहे, मी मानत नाही, नवरा मानतो, मुलं मोठी झाली, संसार चालू आहे.

तुम्ही जे लिहिलंत ना, की उद्या वाईट झालं तर हा काय धरेल, त्यावरून मला डार्विन आणि त्याची बायको एमा आठवले. लोकांना वाटतं डार्विन म्हणजे देवाशी भांडण, पण त्याच्या घरात वेगळंच चालू होतं. लग्नाआधी त्याच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं की तुझ्या शंका बायकोला कळू देऊ नकोस, सुखी राहायचं असेल तर. याने सगळं एमाला सांगून टाकलं. ती धार्मिक होती, तिची लाडकी बहीण गेलेली, आणि मेल्यानंतर आपली माणसं पुन्हा भेटतील यावर तिचा आधार. 1839 मध्ये लग्न झालं आणि त्या सुमारास तिने त्याला एक पत्र लिहिलं, समोरासमोर बोलवेना म्हणून. त्या पत्राचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे, की आपण दोघं कायमचे एकमेकांचे नाही असं वाटलं तर मला फार दुःख होईल. त्याने ते पत्र आयुष्यभर जपून ठेवलं आणि त्यावर लिहून ठेवलं की मी गेल्यावर तुला कळावं, कितीदा तरी याचे मुके घेतलेत आणि यावर रडलोय. पटलं म्हणून नाही हं. त्याला शेवटपर्यंत पटलं नाही.

आणि वाईट व्हायचं ते झालंच. 1851 मध्ये त्यांची अ‍ॅनी दहा वर्षांची असताना गेली. एमाकडे तिची श्रद्धा होती, याच्याकडे ती नव्हती. याने काय केलं तर तिच्या आठवणी लिहून काढल्या, ती कशी हसायची, कशी बिलगायची, आणि कामाला लागला. म्हणजे धरायला काहीतरी सापडतं, दुसरं असतं एवढंच. आणि एमाचं दुःख श्रद्धेमुळे कमी झालं असंही म्हणवत नाही.

अजून एक, हे मला जास्त आवडतं. त्याच्या आत्मचरित्रात एक वाक्य आहे, की न मानणाऱ्यांना कायमची शिक्षा होते ही शिकवण भयानक आहे, कारण मग माझे वडील, भाऊ आणि जवळचे जवळजवळ सगळे मित्र त्यात येतात. तो गेल्यावर मुलाने पुस्तक छापायला घेतलं तेव्हा एमानेच असे भाग गाळायला लावले, त्यामुळे 1887 च्या आवृत्तीत ते नाहीत. पुढे 1958 मध्ये त्यांच्या नातीने पूर्ण छापलं. म्हणजे 43 वर्षांच्या संसारानंतरही तिला ते वाक्य छापलेलं बघवलं नाही. इतका मतभेद शिल्लक ठेवून लोक नीट राहिलेत, तुमच्याकडे तर आत्ता सुरुवात आहे.

मला विचाराल तर मुलाला तुमची भीती सांगा, तुम्ही इथे लिहिलीत तशीच. आत्ता त्याला वाटत असणार की आईला आपण वाया गेलोय असं वाटतं. आणि विचारा की तू काय धरतोस. त्याच्याकडे उत्तर नसेल कदाचित, सतराव्या वर्षी कोणाकडे असतं, पण तुम्ही विचारलंत हे राहील.

सरळमार्गी

बरं ते पैजेचं मागे घेतलं 😄 पण आजोबांचं काय करायचं ते कोणीच सांगत नाहीये. ते ऐकणारेत का?

जुनं_खोड

@सरळमार्गी त्यांना गोरा आणि गांधीजींचं सांगावं. गोरा म्हणजे आंध्रचे गोपराजू रामचंद्र राव, कट्टर नास्तिक, आणि गांधीजी प्रार्थनेशिवाय दिवस न घालवणारे. गोरांच्या मुलीचं लग्न दलित समाजातल्या तरुणाशी ठरलं तेव्हा गांधीजींनी ते सेवाग्रामला लावायचं कबूल केलं आणि विधीत देवाच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने म्हणायचं हेही मान्य केलं. लग्न झालं मार्च 1948 मध्ये, तोवर गांधीजींची हत्या झाली होती, पण आश्रमात ठरल्याप्रमाणे झालं. दोघांपैकी कोणी मत बदललं नाही. आजोबांनी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं नुसतं शांत बसायचं ठेवलं तर त्यांचं काय जातंय? त्यात पोराला भाग घेता येईल.

आणि जेवताना हा विषय बंद. दोघांना बोलायचंय तर बाहेर चालायला जावं, ऐकायला कोणी नसलं की आवाज आपोआप खाली येतो.

विचारात_पडलेली

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील वाटलं नव्हतं. डार्विनच्या बायकोचं वाचून जरा वेळ तशीच बसले होते. शांत बसण्याचं सासऱ्यांना सुचवून बघते, माझ्या तोंडून नको, नवऱ्याला बोलायला लावते, "वय आहे" म्हणण्यापलीकडे काहीतरी करू दे त्याला पण. धाकटीचं मात्र अजून कळत नाहीये.

उलट_तपासणी

धाकटीला खरं ते सांगा. आजोबांना असं वाटतं, दादाला तसं वाटतं, मला असं वाटतं, हा प्रश्न लोक हजारो वर्षं विचारतायत आणि तुला ठरवायला भरपूर वेळ आहे. नऊ वर्षांच्या मुलांना हे व्यवस्थित झेपतं, त्यांना घाबरवतो तो आपला आवाज. मुलालाही सांगून ठेवा की बहिणीला आपल्या बाजूला ओढायचं नाही, तिने विचारलं तर उत्तर दे पण स्वतःहून शिकवणी घेऊ नको. आणि आजोबांनी तिच्यासमोर "दादा बिघडला" म्हणायचं नाही. बाकी सगळ्यात तडजोड करा, या दोन गोष्टींत करू नका.