लाकडी जमिनीवर वाळलेले रंगाचे शिंतोडे: पॉलिश न घालवता कसे काढू?

शेवग्याची_शेंग
दिवाळीआधी घराला रंग काढला, आता जमिनीवरचा रंग काढत बसलेय! बेडरूमला ओकचं लाकडी फ्लोअरिंग आहे, वर पीयूचा (पॉलियुरेथेन पॉलिशचा) थर, सहा वर्षं झाली. रंगाऱ्यांनी अंथरलेली वर्तमानपत्रं सरकली आणि भिंतीच्या कडेने शंभरएक ठिपके पडले. दाराजवळ तर तळहाताएवढा डाग आहे. भिंतीला प्लॅस्टिक इमल्शन आणि चौकटीला ऑइल पेंट, म्हणजे दोन्ही प्रकारचे डाग असणार. तीन आठवडे झालेत. रंगारी म्हणाला, "ताई, थिनर मारला की मिनिटात साफ." मी नको म्हटलं. बरोबर केलं ना?

रंध्याची_धार
एकदम बरोबर. थिनरला रंग आणि पॉलिश यातला फरक कळत नाही. डाग जाईल, पण जागा पांढुरकी किंवा चिकट व्हायची भीती.

पीयू गुळगुळीत असतं, त्यामुळे रंग बहुतेक वेळा वरच बसलेला असतो, लाकडात मुरलेला नसतो. म्हणून आधी काहीच लावू नका. जुनं एटीएम कार्ड घ्या, जवळजवळ आडवं धरा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने ढकला. जाड ठिपके टिकलीसारखे उडतात. धातूची पट्टी, ब्लेड, तारेची घासणी यातलं काहीही नको.

इमल्शनचे जे ठिपके हटणार नाहीत, त्यांच्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, घट्ट पिळलेलं फडकं पाचेक मिनिटं ठेवा. पाणी ओतायचं नाही. फळ्यांच्या सांध्यात शिरलं की लाकूड फुगतं. तरीही हटले नाहीत तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल (एक प्रकारचं स्पिरिटच) आणा. कान साफ करायच्या काडीने फक्त ठिपक्यावर लावा, अर्धा मिनिट थांबा, कार्डाने उचला आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. जास्त वेळ राहू दिलं तर पीयूही मऊ पडू शकतं. पहिला प्रयोग कपाटाखाली, दिसणार नाही अशा जागी.

तीन आठवड्यांचं ऑइल पेंट टर्पेंटाइनने विरघळेल अशी आशा धरू नका. जरासं मऊ होईल एवढंच. ते खरवडूनच काढावं लागतं.

गोडा_मसाला
नेलपॉलिश रिमूव्हर वापर ना, घरातच असतं.

रंध्याची_धार
नको! त्यात बऱ्याचदा अ‍ॅसिटोन असतं. म्हणजे थिनरचाच भाऊ.

माडीवरचा_मामा
शेंगताई, जमिनीवर पीयूच आहे ना, हे आधी पक्कं करा. आमच्या वाडीच्या घरात माडीला सागाच्या फळ्या, आणि जुन्या सुताराने चपडा पॉलिश केलेलं. मी कुठेतरी वाचून मोठ्या उत्साहाने स्पिरिट चोळलं. रंग गेला, सोबत पॉलिशही गेलं. जाणारच! चपडा म्हणजे लाख, आणि ती विरघळवतातच मुळी स्पिरिटमध्ये. शेवटी पॉलिशवाल्याला बोलावून पुन्हा बोळा फिरवून घेतला. कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा. बोटाला चिकट लागलं तर चपडा समजा आणि स्पिरिट विसरा.

जर्सीकर
आमचं घर १९५०च्या दशकातलं. कार्पेट उचललं तर खाली छान ओक, पण त्यावर जुन्या रंगाचे शिंतोडे. इथे अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ साली बंदी आली, म्हणून आधी तपासणी करून घेतली. तोवर खरवडणं नाही, पॉलिश पेपर नाही. शिशाची धूळ लहान मुलांना फार वाईट. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तेव्हा वाड्यातल्या जुन्या रंगाशी झटणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. शेंगताईंचा रंग नवा आहे, त्यांना ही भानगड नसावी.

ऑइल पेंटसाठी हेअर ड्रायर बघा. वीसेक सेकंद, हलता ठेवून, मग कार्ड. रंगारी वापरतात ती हीट गन मात्र नको, पॉलिशला फोड येतात.

गोडा_मसाला
आणि व्हिनेगर?

रंध्याची_धार
सॅलडमध्ये. :)

बाकी एक राहिलं. स्पिरिट किंवा टर्पेंटाइन हाताळताना खिडक्या उघड्या, निरांजन-उदबत्ती विझवलेली. आणि ड्रायर त्याच वेळी अजिबात नाही, आधी सगळं उडून जाऊ द्या.

शेवग्याची_शेंग
मंडळी, झालं! तीन संध्याकाळी गेल्या. कपाटाखाली थेंब टाकून पाहिला, चिकट झालं नाही, म्हणजे पीयूच. निम्म्याहून जास्त ठिपके नुसत्या कार्डाने उडाले (एक कार्ड शहीद). मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून तिरका उजेड पाडला की न दिसणारे ठिपकेही सावलीमुळे दिसतात, हा माझा शोध. दाराजवळचा डाग ऑइल पेंटचाच निघाला. ड्रायरने कडेकडेने सोडवत नेला. सांध्यातला रंग बांबूच्या टूथपिकने कोरला.

एका जागी मी अधीर होऊन घासणीची हिरवी बाजू फिरवली. तिथली चमक गेली. त्यासाठी काय करू?

रंध्याची_धार
सध्या काही नाही. पीयूवर मेण चोळलंत तर पुढे नवा कोट धरणार नाही. पूर्ण खोलीला कोट द्याल तेव्हा तेही मिटेल.

माडीवरचा_मामा
तोवर पायपुसणं.