ठोकणाऱ्याकडे इन्शुरन्सच नाही, दुरुस्तीचे पैसे कुणाकडून घ्यायचे? (अर्जंट)

मंदार:
मंडळी, शनिवारी एका पोराने माझी गाडी ठोकली, ते सगळ्यांना माहितीच आहे. आता कळलंय की त्या पोराचा इन्शुरन्स लॅप्स (मुदत संपून बंद) झालेला आणि गाडी त्याच्या मामेभावाच्या नावावर. बॉडी शॉपवाल्याने बंपर काढला तर आतला सपोर्टही वाकलेला निघाला, एस्टिमेट ४,८०० डॉलर. पोरगा रोज मेसेज करतोय, इन्शुरन्सला सांगू नका, थोडे थोडे करून कॅश देतो. माझं डिडक्टिबल (क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायची रक्कम) १,००० आहे. वैशालीताई, नंदूकाका, लवकर सांगा, गाडी शॉपमध्येच अडकलीय.

वैशाली:
कॅशच्या नादाला अजिबात लागू नकोस. दोन हप्ते देईल, मग फोन उचलणार नाही, आणि तोवर तुझ्या मुदती निघून जातील. पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज (कव्हर्सची यादी असलेलं पान) काढ आणि कोलिजन डिडक्टिबल वेव्हर, म्हणजे टक्करीच्या कव्हरमधलं डिडक्टिबल माफ करणारी सोय, आहे का ते बघ. कॅलिफोर्नियात चूक अनइन्शुअर्ड माणसाची असली तर त्या वेव्हरमुळे तुझे १,००० वाचतात. पण गाडीला गाडी प्रत्यक्ष लागलेली हवी, ड्रायव्हर, मालक किंवा निदान नंबर प्लेट माहीत हवी, आणि कामाच्या १० दिवसांत कंपनीला कळवलेलं हवं. डीएमव्हीचा (इथलं आरटीओ) एसआर-१, म्हणजे अपघात कळवायचा फॉर्म, वेगळा, तोही १० दिवसांत, आणि त्यात सुट्ट्या वजा होत नाहीत. नुकसान १,००० डॉलरच्या वर गेलं की तो भरायचाच, चूक कुणाची का असेना.

समीर:
क्लेम केलास की प्रीमियम वाढणार हे धरून चाल.

वैशाली:
समीर, असं छातीठोक नको सांगूस रे, लोक घाबरून क्लेमच करत नाहीत. चूक आपली नसेल तर कॅलिफोर्नियात त्या अपघातासाठी प्रीमियम वाढवता येत नाही.

नंदूकाका:
वेव्हर नसेल तर सरळ स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट). १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, वकील कुणालाच आणता येत नाही, त्यामुळे समोरासमोर बोलणं होतं. आधी पैसे मागणारं पत्र पाठव, कॉपी ठेव. दाव्यात ड्रायव्हर आणि गाडीचा मालक दोघांची नावं घाल, एकट्या पोरावर लावलास तर हाती काही लागणार नाही. आणि समन्स सर्टिफाइड मेलने पाठवू नकोस. माझ्या वेळी पोचपावतीच्या हिरव्या कार्डावर भलत्याच कुणाची तरी सही आली, जज म्हणाले हे चालणार नाही, पुढची तारीख घ्या.

प्राची:
काका, समन्स मंदारने स्वतः द्यायचं नसतं ना? आमच्या शेजाऱ्यांनी शेरिफकडून (काउंटीचा पोलीस अधिकारी) दिलं होतं.

नंदूकाका:
बरोबर. १८ वर्षांवरचं कुणीही चालतं, फक्त दाव्यातलं नको. ज्याच्यावर दावा तो त्याच काउंटीत (जिल्ह्यात) राहत असेल तर सुनावणीच्या निदान १५ दिवस आधी, बाहेर असेल तर २०. मंदार, मी जाऊन देतो, पत्ता मला वेगळा पाठव.

वैशाली:
काका, पण कोलिजनमधून पैसे घेतले की ते वसूल करायचा हक्क कंपनीचा होतो. ४,८०० तिकडून घ्यायचे आणि वर त्याच्यावर पूर्ण दावा लावायचा असं नाही करता येत. वेव्हर नसेल तरी कंपनीला त्याच्याकडे मागताना मंदारचं डिडक्टिबल धरून मागावं लागतं. आणि निकाल लागला तरी पैसे कोण काढून देणार? कोर्ट तर वसुली करत नाही.

नंदूकाका:
वसुलीलाही उपाय आहे. अपघाताच्या निकालाचे पैसे ३० दिवसांत दिले नाहीत तर कोर्टाकडून फॉर्म भरून घेऊन डीएमव्हीला पाठवायचा, लायसन्स सस्पेंड होतं. माझे पैसे त्यानंतरच आले, त्याआधी नुसती उत्तरं येत होती. शिवाय निकाल १० वर्षं चालतो, पुढे रिन्यूही करता येतो.

सेक्रेटरी:
चर्चा उपयोगाची आहे, चालू द्या. फक्त त्या मुलाचं नाव, पत्ता, प्लेट नंबर इथे कुणीही टाकू नका.

मंदार:
वेव्हर आहे!! क्लेम टाकला, एसआर-१ पण आत्ताच भरला. आता एकच, रेंटल कव्हर (भाड्याच्या गाडीचा खर्च देणारं) माझ्याकडे नाहीये आणि पार्ट यायला वेळ लागणार म्हणतात. भाड्याच्या गाडीचे पैसे कोण देणार?

नंदूकाका:
ते कंपनीने दिलेले नसतील तर ते तुझेच, ते ड्रायव्हर आणि मालक दोघांकडून स्मॉल क्लेम्समध्ये माग. दावा १,५०० पर्यंत असला तर फी फक्त ३० डॉलर, जिंकलास तर तीही परत मागता येते. रोजच्या पावत्या ठेव, आणि साधीच गाडी घे, मोठी घेतलीस तर जज कापतील. पोराचे कॅश देतो म्हणणारे मेसेज डिलीट करू नकोस, प्रिंट काढून आण.