स्टेंटच्या आधी पोटरीतलं रक्त मोजायला नको का?

सुरसागरकाठ

बाबा ६८ वर्षांचे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरून न्यायमंदिराकडे निघाले की सुरसागरच्या कठड्यापाशी एकदा थांबतात, पुढे आणखी एकदा. उजवी पोटरी आवळून येते आणि दोन मिनिटं उभं राहिलं की सुटते. मधुमेह १९ वर्षांचा. पहिल्या ठिकाणी मणक्याचं दुखणं समजून नऊ महिने पट्टा आणि गोळ्या झाल्या. मग दुसऱ्या ठिकाणी एबीआय काढला, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा आकडा. तो आला १.०८. पायाच्या धमन्या अरुंद होण्याचा रोग ०.९० किंवा त्याखाली धरतात, म्हणून ‘रक्तपुरवठा ठीक’ असा शेरा मिळाला. पण जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठतं, ती पट्ट्याने दाबली जात नाही आणि आकडा खोटाच चांगला येतो. शेवटी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजला तेव्हा दंडाशी त्याचं गुणोत्तर ०.५२ निघालं. ते ०.७० च्या वर हवं. डॉप्लर सोनोग्राफीमध्ये मांडीतली धमनी बंद दिसली. आता सीटी अँजिओ आणि फुगा-स्टेंट सांगितलंय. क्रिएटिनिन १.९ आहे, म्हणजे किडनी कमजोर, त्यामुळे सीटीत धमनी दिसावी म्हणून देतात त्या आयोडीनच्या औषधाची धास्ती आहे.

माझं मत स्पष्ट मांडतो. या सगळ्या तपासण्या नळ, म्हणजे धमन्या बघतात. दुखतो स्नायू, आणि स्नायूकडे कोणीच बघत नाही. आजवा तलावाचं पाणी टाकीत किती दाबाने चढलं यावरून तिसऱ्या मजल्यावर बादली भरते का हे कळत नाही. एमआरआयमध्ये एएसएल नावाची पद्धत आहे. मांडीतून खाली जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करायची, थोडं थांबायचं आणि पोटरीचं चित्र घ्यायचं. खूण केलेलं आणि न केलेलं अशी दोन चित्रं वजा केली की स्नायूत किती रक्त आलं ते दिसतं. सुई नाही, औषध नाही, किरण नाहीत, किडनीला त्रास नाही. मेंदूसाठी १९९० च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे. मग बाबांच्या पोटरीसाठी का नाही? स्टेंटला हो म्हणायच्या आधी ही तपासणी मागणं हा रुग्णाचा हक्क आहे असं मला वाटतं.

एमआरआयच्या_खोलीतून

सुरसागरदादा, मी रोज एमआरआय मशीनवर काम करते. तुमची तळमळ पोहोचली, पण मागणीला माझा विरोध आहे.

स्वस्थ पडलेल्या पोटरीला फार थोडं रक्त लागतं. १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण २ ते ५ मिली. एएसएलमध्ये दोन चित्रांतला फरक मेंदूतसुद्धा टक्क्याच्या आसपास असतो, पोटरीत तो त्याहून बारीक, जवळजवळ मशीनच्या खरखरीत बुडालेला. शिवाय आरामात असताना रोगट पाय आणि निरोगी पाय सारखेच दिसतात, कारण तेवढं रक्त आडवाटेच्या रक्तवाहिन्याही पोचवतात. फरक दिसायला स्नायूला भूक लागावी लागते. म्हणून मांडीला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त तोडायचं आणि सोडल्यावर येणारा लोंढा मोजायचा, किंवा मशीनच्या आतच पावलाने पेडल दाबायला लावायचं. निरोगी पायात लोंढा झटकन येतो आणि ओसरतो. रोगट पायात तो उशिरा येतो, बुटका असतो आणि लांबत जातो.

खरी अडचण पुढे आहे. रक्ताला केलेली खूण दीड-पावणेदोन सेकंदांत बरीचशी विरते. बंद धमनीला वळसा घालून येणारं रक्त उशिरा पोहोचतं, तोवर खूण पुसलेली. रक्त आलेलं असतं, पण मशीन म्हणतं आलं नाही. म्हणजे ज्या रुग्णासाठी तपासणी हवी, त्याच रुग्णात ती जास्त चुकते. तुमच्या एबीआयने खोटा दिलासा दिला, हा आकडा खोटी भीती देईल. आणि समजा आकडा आला, तर कितीच्या खाली स्टेंट घालायचा? सगळ्यांनी मान्य केलेली अशी रेषा आज नाही.

सुरसागरकाठ

ताई, इतकं नीट मला कुणीच सांगितलं नव्हतं. तरी विचारतो. एएसएल अडतं तर दुसरे मार्ग आहेतच ना? बोल्ड एमआरआय आहे, त्यात ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन स्वतःच चुंबकासारखं वागतं आणि चित्रात उमटतं. सोनोग्राफीत सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध देतात. ते तांबड्या पेशीएवढे, रक्तवाहिनीबाहेर जात नाहीत, आतला वायू श्वासातून निघून जातो, किडनीचा संबंध नाही. आणि सोनोग्राफी मशीन बडोद्यात गल्लोगल्ली आहे.

एमआरआयच्या_खोलीतून

बोल्डमध्ये रक्त किती आलं आणि स्नायूने ऑक्सिजन किती खाल्ला हे दोन्ही एकाच आकड्यात मिसळतं. खूप आलं, खूप खाल्लं आणि थोडं आलं, थोडं खाल्लं यांत गोंधळ होऊ शकतो. बुडबुड्यांवर तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं. पण त्याला शिरेत सुई लागते, आणि प्रोब पोटरीचा एकच काप दाखवतो. दुखणारा भाग शेजारी असला तर निसटला.

बँडस्टँडची_फेरी

मी ७१ चा, हाच आजार, डावा पाय. दीड वर्षापूर्वी कमाटीबागेच्या फाटकातून फुलांच्या घड्याळापर्यंत जायला तीनदा बसायचो. आमच्या डॉक्टरांनी स्टेंट नको म्हटलं, चाला म्हटलं. आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी अर्धा-पाऊण तास, बारा आठवडे. पद्धत अशी की दुखू लागलं तरी लगेच थांबायचं नाही, बऱ्यापैकी दुखलं की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं. तंबाखू सुटली, ती सगळ्यांत अवघड गेली. आज बँडस्टँडला दोन फेऱ्या न थांबता होतात. आधी माझा एबीआय ०.६८ होता, आता ०.७० आहे. कुठलं चित्र काढलं नाही, काही अडलं नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी येतं का हे नळ सोडून बघतात. पायाचा नळ सोडणं म्हणजे चालणं.

सुरसागरकाठ

काका, तुम्ही तर माझाच मुद्दा सिद्ध केलात! आकडा जागचा हलला नाही आणि चालणं कुठल्या कुठे गेलं. मग बदल झाला कुठे? स्नायूच्या आत. केशवाहिन्या, त्यांचं उघडणं, पेशीतली ऑक्सिजन वापरायची ताकद. ज्याने फक्त एबीआय बघितला तो म्हणेल ‘सुधारणा नाही, स्टेंट घाला’. स्नायूचं चित्र असतं तर तुमची मेहनत कागदावर दिसली असती.

बँडस्टँडची_फेरी

बाळा, मेहनत कागदावर दिसायची मला गरज नव्हती. माझ्या सूनबाईला दिसली, ती आता भाजी आणायला मला मांडवीपर्यंत पाठवते.

रावपुऱ्यातला_फिजिशियन

दोन गोष्टी वेगळ्या करू, नाहीतर कुणाचं तरी नुकसान होईल.

चालताना दुखणं आणि थांबल्यावर राहणं, यात घाई नाही. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखर आणि रक्तदाब ताब्यात, तंबाखू बंद आणि देखरेखीखाली चालणं हा पहिला उपचार. २०१२ मध्ये क्लेव्हर नावाची अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. पोटातल्या महाधमनीपासून जांघेपर्यंतच्या अडथळ्यांचे रुग्ण होते. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ देखरेखीच्या व्यायामाने स्टेंटपेक्षा जास्त वाढला. सिलोस्टाझोल नावाच्या गोळीने काहींचं चालायचं अंतर वाढतं, पण हार्ट फेल्युअर असेल तर ती गोळी मुळीच द्यायची नाही.

रात्री झोपेत पाय दुखून तो पलंगाखाली लोंबकळत ठेवावा लागणं, किंवा बोटाला न भरणारी जखम, ही दुसरी गोष्ट. तिथे दिवस मोजायचे असतात. अंगठ्याचा दाब ३० मिमीच्या खाली असेल तर जखम भरण्याची आशा कमी. तिथे स्नायूच्या चित्राची वाट बघत बसलात तर पाय जाईल.

सुरसागरभाऊ, तुमच्या मूळ भीतीचं उत्तर वेगळंच आहे. क्रिएटिनिन १.९ आहे तर आयोडीनऐवजी कार्बन डायऑक्साइड वायूने पायाची अँजिओग्राफी करता येते का, हे विचारा. तो रक्तात विरघळून फुप्फुसातून बाहेर जातो.

आईचा_पाय

मी इतका वेळ वाचतेय आणि जीव तळमळतोय. माझ्या आईचं बोट गेलं, नंतर पाऊल गेलं. मधुमेहासाठी ती दर तीन महिन्यांनी दाखवायला जायची. चार वर्षांत कुणी तिचे मोजे काढून पायावरची नाडी हाताने बघितली नाही. पेनाएवढं डॉप्लर आणि रक्तदाबाचा पट्टा, एवढ्यावर दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. तुम्ही कोट्यवधींच्या चुंबकाबद्दल भांडताय. वाघोडिया-डभोईच्या बाजूला आधी ते पेन पोहोचू द्या. स्नायूचं चित्र हवं असेल तर संशोधकांनी जरूर काढावं, पण रुग्णाने त्यासाठी अडून बसू नये.

सुरसागरकाठ

ताई, तुमच्या आईबद्दल वाचून हात थांबले.

हक्क हा शब्द मी मागे घेतो. ज्या आकड्याची रेषाच ठरलेली नाही, तो मागण्याचा हक्क म्हणण्यात अर्थ नाही. पण रेषा ठरवायची कुणी? आपल्याकडे जुन्या मधुमेहाचे, एबीआय फसवणारे पाय इतके आहेत की हा अभ्यास इथे व्हायला हवा. पट्टा सोडल्यावरचा लोंढा व्यायामाआधी मोजा, बारा आठवड्यांनी मोजा, आणि कुणाला चालण्याने भागलं, कुणाला स्टेंटच लागला हे जुळवा. यावर मी ठाम आहे.

एमआरआयच्या_खोलीतून

संशोधनाला माझा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो अर्धवट आकडा हातात देऊन घाबरलेल्या घरातून सही घेण्याला. आज ‘एएसएल करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला, तर पट्टा किती मिनिटं बांधणार आणि खूण केल्यावर किती वेळ थांबणार, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर अडखळलं तर उठून या.

सुरसागरकाठ

लिहून घेतलं. गुरुवारी बाबांची वेळ आहे, कार्बन डायऑक्साइडचं विचारतो. रात्रीचं दुखणं नाही, जखम नाही, काल पाय उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांतही बघितलं. बँडस्टँडकाका, सकाळी किती वाजता असता? बाबा एकटे चालायला तयार नाहीत.

बँडस्टँडची_फेरी

सव्वासहा. फुलांच्या घड्याळापाशी. त्यांना म्हणावं, पहिल्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर थांबेन.