मदत हवी आहे : नाकाबंदीत पोलिसाचं पहिलं वाक्य काय असावं?

ठाण्यात ट्रॅफिक वॉर्डनसाठी अर्ध्या तासाचं सराव सत्र बसवतोय. माजिवडा, कापूरबावडीसारख्या गर्दीच्या नाक्यावर गाडी थांबवताना अंमलदाराने शांत राहायचं, हे सगळ्यांना मान्य आहे. पण 'शांत' म्हणजे नेमकं काय करायचं?

सध्याचा क्रम असा: हात दाखवून गाडी डाव्या कडेला, वाहत्या लेनच्या बाहेर घ्यायची. इंजिन बंद करायला सांगायचं. मग "नमस्कार, हेल्मेट नाही म्हणून थांबवलंय, लायसन्स दाखवा." कारण आधी, कागद नंतर. उलट केलं की "पण मी केलं काय?" इथूनच आवाज चढतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 नुसार गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं; डिजिलॉकरमधलंही चालतं. कलम 206 खाली लायसन्स जप्त केलं तर पोचपावती द्यावी लागते. वॉर्डनला यातलं काहीच करता येत नाही, तो फक्त मदतनीस. (हे दहादा सांगूनही विसरतात.)

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी: चावीला हात घातला की, आणि "ए, कुठे चाललास?" असं अरेतुरे झालं की. चावी काढली की स्कूटर बंद पडते, मागची रिक्षा हॉर्न मारते, समोरचा मोबाइल काढतो. चावीला हात लावायचाच नाही, हे माझं ठाम मत.

अडलंय ते इथे: चालक शूटिंग करत ओरडू लागला, तर अंमलदाराने दुसरं वाक्य काय बोलावं? वाहतूक शाखेत काम केलेल्यांनी प्रत्यक्ष वापरातली एक-दोन वाक्यं सांगा. शक्यतो मराठी आणि हिंदी दोन्हीत.